तारीख डिसेंबरात, बहर एप्रिलात: श्रीनगरच्या ट्यूलिप बागेची एक सहल

मी नाशकात छोट्या गटांच्या सहली आखून देते. सोबत जात नाही, पण सहल परत येईपर्यंत फोनवर असते. हे प्रकरण त्यातल्याच एका सहलीचं. कुटुंबाला विचारूनच लिहिते आहे. नावं, वर्ष आणि मुक्कामांची ओळख काढून टाकली आहे. तारखा तशाच ठेवल्यात, कारण सगळं प्रकरण तारखांचंच आहे.

पार्श्वभूमी

माणसं नऊ. आजी ७६ वर्षांच्या, दोन मुलगे, दोन सुना आणि चार नातवंडं. आजींचे गुडघे दुखरे. सपाटीवर काठी घेऊन अर्धा तास चालतात, चढावर मात्र दर पंचवीस-तीस पावलांना थांबावं लागतं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात धाकट्या मुलाचा फोन आला. म्हणाला, "ताई, आईला ट्यूलिप बघायचेत. बाकीचं काश्मीर तुम्ही ठरवा."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं होतं. पुढे आखणी करताना नेमकं तेच विसरले.

श्रीनगरची ही बाग जबरवान डोंगराच्या पायथ्याशी, दल सरोवराच्या वरच्या अंगाला आहे. साधारण ३० हेक्टर उताराची जमीन, तिचे सात टप्पे केलेले. आपल्याकडच्या डोंगरउतारावरच्या भातखाचरांसारखे एकावर एक. पूर्वी या जागेला सिराज बाग म्हणत. २००७-०८च्या सुमाराला ती ट्यूलिपची बाग म्हणून लोकांना खुली झाली आणि तिला इंदिरा गांधींचं नाव दिलं गेलं. २०२३ मध्ये १५ लाख ट्यूलिप आणि ६८ जाती अशी तिची विक्रम म्हणून नोंद झाली. पुढच्याच वर्षी आकडा १७ लाखांवर गेला. कंद हॉलंडहून येतात, शरदात लावले जातात, बर्फाखाली थंडी खातात आणि मार्च उतरताना वर येतात.

बाग लोकांसाठी उघडते ती सुमारे महिनाभर. २०२३ मध्ये १९ मार्चला उघडली, २०२४ मध्ये २३ मार्चला, २०२५ मध्ये २६ मार्चला. एकच फूल काही महिनाभर टिकत नाही. थंडी राहिली तर दोनेक आठवडे, ऊन चढलं तर आठवड्याभरात पाकळ्या गळतात. महिना भरतो तो जातींच्या नियोजनामुळे. लवकर फुलणाऱ्या, मधल्या आणि उशिराच्या अशा जाती वेगवेगळ्या वाफ्यांत लावलेल्या असतात, त्यामुळे एक वाफा सरतो तेव्हा दुसरा भरात येतो. म्हणून "बाग सुरू आहे का?" या प्रश्नाचं उत्तर पूर्ण महिनाभर "हो" असंच येतं. त्या उत्तराचा आपल्याला काडीचा उपयोग नसतो.

कासला जाणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको. सप्टेंबरात पठार खुलं असतंच. पण तुम्ही पोचाल त्या दिवशी तेरड्याचा गुलाबी गालिचा असेल की सोनकीचा पिवळा, की नुसतं धुकं आणि चिखल, ते पाऊस ठरवतो. मी स्वतः कासला दोनदा चुकीच्या आठवड्यात गेलेली आहे. तरी काश्मीरच्या वेळी ती अक्कल कामी आली नाही.

अडचण कुठे सुरू झाली

परीक्षेपाशी. थोरल्या मुलाची मुलगी आठवीत, राज्य मंडळाची शाळा, शेवटचा पेपर ११ एप्रिलला. म्हणजे १२-१३ एप्रिलच्या आधी निघणं शक्य नाही. बाग मार्चअखेर उघडते हे धरलं तर आम्ही पोचणार ते उत्तरार्धात.

डिसेंबरात तीन वाटा होत्या. पहिली, मुलीची परीक्षा शाळेशी बोलून पुढेमागे करून घेणं. तिच्या आईने फोनवरच नकार दिला, आणि बरोबरच केलं. दुसरी, आजी आणि धाकटा मुलगा दोघांनीच मार्चअखेर जाऊन यावं, बाकीच्यांनी मे महिन्यात. यावर आजींचं उत्तर असं होतं की एकटीने फुलं बघायची तर अंगणातला मोगरा काय वाईट आहे. तिसरी वाट १३ ते १९ एप्रिल. तीच घेतली. मुंबई–श्रीनगर थेट विमान, परतीसकट नऊ तिकिटं, स्वस्तातली आणि त्यामुळे बदलायला महाग.

इथवर चूक नव्हती. चूक पुढच्या कागदावर झाली. मी नेहमीचा क्रम लावला: उतरल्या उतरल्या पहलगाम दोन रात्री, गुलमर्ग एक रात्र, मग श्रीनगर तीन रात्री, त्यातली शेवटची हाऊसबोटीत. ट्यूलिपची बाग १८ तारखेला, म्हणजे परतीच्या आदल्या दिवशी. हा क्रम सगळेच लावतात, कारण शेवटी श्रीनगरात असलं की विमान चुकायची भीती नसते, खरेदीही शेवटीच होते. गाडीवाल्याच्या आणि हॉटेलवाल्याच्या दृष्टीने अगदी सोयीचा. ज्या एका गोष्टीसाठी हे लोक निघाले होते ती मात्र मी सहाव्या दिवसावर ढकलली.

त्यावर गुलमर्गच्या गोंडोलाची, म्हणजे तिथल्या रोपवेची, तिकिटंही काढून ठेवली. ती तारखेचीच असतात, ऑनलाइन काढावी लागतात आणि सीझनमध्ये भराभर संपतात, म्हणून घाई केली. १६ एप्रिल. म्हणजे आता मधला एक खिळा ठोकून पक्का झाला.

एप्रिलचा पहिला आठवडा

बाग मार्चच्या शेवटच्या आठवड्यात उघडली. आठवीतल्या नातीने अभ्यास सोडून रोज रील पाहायला सुरुवात केली आणि घरच्या ग्रुपवर टाकायला. सगळे खूश. ४ तारखेच्या सुमाराला तिथे ऊन वाढलं. मी श्रीनगरच्या हॉटेलवाल्याला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, फुल ब्लूम है, आ जाओ." आठ तारखेला विचारलं, तेच उत्तर. त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला मी विचारलं होतं "कैसा है?", आणि गिऱ्हाइकाला कुणी "उतर रहा है" असं सांगत नाही.

संशय आला तो रीलमुळेच. ९ तारखेला नातीने पाठवलेल्या एका व्हिडिओत मागे लोक फेरन, म्हणजे थंडीतला लांब काश्मिरी झगा घालून, हात बगलेत घेऊन उभे होते. त्या आठवड्यात श्रीनगरात दुपारी लोक शर्टावर फिरत होते. म्हणजे व्हिडिओ जुना, बहुधा मागच्या वर्षाचा. मग मी हाऊसबोटवाल्या चाचांना फोन केला. त्यांचा भाचा तिथूनच रोज जातो. त्याला सांगितलं, फाटकापासून चालत वरपर्यंत जा, मोबाइल बंद न करता शूट कर, आणि सुरुवातीला आजचं वर्तमानपत्र दाखव. पोरगा हसला, पण त्याने केलं.

चार मिनिटांचा तो व्हिडिओ मी तीनदा पाहिला. फाटकाजवळचे पहिले दोन टप्पे उतरले होते. देठ उभे, पण पाकळ्या मातीत, आणि उरलेल्या फुलांची तोंडं उताण्या वाटीसारखी पसरलेली. त्यांच्याबरोबर लावलेली हायसिंथची फुलं तर सरूनच गेली होती. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर पिवळे आणि लाल भरात. त्याच्या वर, डोंगराच्या बाजूला, अजून हिरवट कळ्या, उशिराच्या जाती. म्हणजे १३ तारखेला मधला बहर मिळेल. १८ तारखेला काय उरेल ते वरच्या दोन टप्प्यांवर अवलंबून, आणि ते टप्पे आजींच्या गुडघ्यांपासून सगळ्यात लांब.

पहिला निर्णय: क्रम उलटायचा का

१० तारखेला रात्री भावांशी बोलणं झालं. समोर चार पर्याय मांडले.

आहे तसंच ठेवायचं, पैसे वाचतात, नशिबावर सोडायचं. किंवा विमानं अलीकडे घ्यायची. परीक्षेमुळे फार तर एक दिवस मिळतो, आणि नऊ तिकिटांचा बदल आणि भाड्यातला फरक धरून साठ हजारांच्या वर जात होतं, म्हणून हा पर्याय बोलता बोलताच गळाला. तिसरा, पूर्ण क्रम उलटायचा: आधी श्रीनगर तीन रात्री, मग बाकी. पण त्यात १६ तारखेची गोंडोलाची तिकिटं फुकट जात होती आणि नवीन मिळत नव्हती. चौथा, फक्त पहिली रात्र श्रीनगरात काढायची, १४ तारखेला सकाळी बाग बघून दुपारी पहलगामला निघायचं. पहलगामची एक रात्र, तीन खोल्या, साडेतेरा हजार रुपये बुडीत, कारण तिथला मालक परत द्यायला तयार नव्हता.

थोरल्या भावाला बुडीत रक्कम पटेना. त्याचं म्हणणं होतं, "उरलेलं श्रीनगर तर शेवटी आहेच ना, तेव्हा बघू. थोडी कमी असतील फुलं." गंमत म्हणजे हिशेबाने तो बरोबर होता. अठरा तारखेला बाग बंद होणार नव्हती. धाकटा गप्प होता. मग त्याने व्हिडिओ आईला दाखवला आणि फाटकाजवळच्या त्या उघड्या देठांवर बोट ठेवलं. आजी म्हणाल्या, "हे बघायला एवढ्या लांब कशाला?" चौथा पर्याय ठरला.

एक गोष्ट मी या चर्चेत मांडायला विसरले. १३ एप्रिल म्हणजे बैसाखी. त्या दिवशी श्रीनगरच्या मुघल बागांना, निशात-शालिमारला, जुन्या काळापासून मोठी गर्दी लोटते. ट्यूलिपची बाग त्याच रस्त्यावर.

दुसरा निर्णय: उतरल्या दिवशी जायचं की थांबायचं

कुटुंब १२ तारखेच्या रात्री अकराला नाशकातून निघालं, पहाटे मुंबई विमानतळ, सकाळी साडेदहाला श्रीनगर. हॉटेलात पोचेपर्यंत एक. आजींना चक्कर आल्यासारखं होत होतं. नाशिकहून रात्रभर गाडी आणि पोटात चहा-बिस्किटापलीकडे काही नाही, त्यामुळे मी उंचीला दोष देणार नाही. श्रीनगर दीड हजार मीटरच्या थोडं वर आहे, तेवढ्याने सहसा काही होत नाही.

हवामानाच्या अंदाजात रात्री पाऊस होता. एप्रिलात पश्चिमेकडून येणारे हे पाऊस काश्मीरला नवे नाहीत, आणि गारा पडल्या तर पाकळ्यांचं काय होतं हे सांगायला नको. म्हणजे आत्ता गेलं तर पावसाच्या आधीची बाग, पण आजी थकलेल्या. उद्या गेलं तर आजी ताज्या, बागेची खात्री नाही.

मी फोनवर सांगितलं, थांबा. थोरला भाऊ म्हणाला, एवढे पैसे बुडवून दिवस मागे घेतला तो कशासाठी? मुद्दा बिनतोड होता. शेवटी मधला मार्ग सूनबाईंनी काढला: आजी आणि लहान दोघं हॉटेलात झोपतील, धाकटा मुलगा आणि दोन मोठी नातवंडं पुढे जाऊन पाहणी करून येतील. कुठला टप्पा बघण्यासारखा आहे, बाकं कुठे आहेत, चढ किती आहे, एवढंच.

बैसाखीने इंगा दाखवला. एरवी वीस मिनिटांचा रस्ता, दीड तास लागला. बुलेव्हार्डवर, म्हणजे दलच्या काठच्या रस्त्यावर, गाडी जागची हलेना. शेवटचा टप्पा तिघं चालत गेले. तिकिटं काढून आत गेले तेव्हा साडेपाच वाजले होते. त्यांनी जे आणलं ते मात्र सोन्यासारखं होतं. नातीने वहीच्या पानावर सात आडव्या रेघा मारून प्रत्येक टप्प्यावर लिहिलं होतं: १ – संपले. २ – संपत आले. ३ – पिवळे, मस्त. ४ – लाल, पांढरे, बेस्ट, बाक आहे. ५ – झालरवाले, आत्ताच उघडलेत. ६, ७ – कळ्या. खाली बाण काढून, "आजीला इकडून नको, फरसबंदी निसरडी. त्या बाजूच्या उताराने".

माझ्या बारा वर्षांच्या कामात कुणी मला इतका नेमका अहवाल दिलेला नाही.

१४ एप्रिल, सकाळ

रात्री दोन वाजता पाऊस सुरू झाला. गारा नव्हत्या, सरळ संथ पाऊस. सात वाजता थांबला. साडेनऊला नऊ जण बागेच्या दारात, आणि साडेदहाला तिथून निघायचं असं गाडीवाल्याशी ठरलेलं. पहलगाम नव्वदेक किलोमीटर, वाटेत जेवण, दुपारी तीनला पोचून तिथली बेताब व्हॅली करायची असा बेत.

आजी नातीच्या नकाशाप्रमाणे बाजूच्या उताराने, चार ठिकाणी थांबत, चौथ्या टप्प्यावर पोचल्या. पोचायला पस्तीस मिनिटं. बाकावर बसल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "अगं, ह्या तर कळ्याच आहेत सगळ्या."

कळ्या नव्हत्या. फुलं मिटली होती. गारठा आणि ढगाळ हवा असली की ट्यूलिप मिटून घेतो आणि ऊब लागली की उघडतो. पाकळीचा आतला आणि बाहेरचा भाग तापमानाप्रमाणे कमीजास्त वाढतो, म्हणून हे घडतं. एका फुलाचं हे दिवसांमागून दिवस चालतं. मी हे जाणून होते, बाग दोनदा पाहिलेली आहे, पण दोन्ही वेळा दुपारी. सकाळी उघडल्या उघडल्या जा, गर्दी नसते, असं मीच लिहून दिलं होतं. गर्दी खरंच नव्हती. हजारो लाल मुठी ओल्या पानांत उभ्या होत्या, पाकळ्यांच्या टोकांवर थेंब, आणि वर राखाडी ढग.

सव्वादहाला धाकट्याच्या फोनवरून थोरल्या भावाचा मला फोन. "ताई, गाडीवाला खालून बोलावतोय. निघू ना?"

तिसरा निर्णय: थांबायचं

या प्रकरणातला हा खरा निर्णय, आणि तो माझ्या हातात नव्हता. मी आधी वेळापत्रक पाहिलं. इथे थांबलं की बेताब व्हॅली आज जाते. उद्या करायची तर उद्याची अरू व्हॅली, पहलगामजवळचीच दुसरी दरी, अर्धवट राहते. पहलगामच्या त्या फेऱ्यांना तिथल्या युनियनची गाडीच घ्यावी लागते, आणि संध्याकाळी ती मिळणंही अवघड. दुसऱ्या बाजूला होता नुसता अंदाज, की ऊन पडेल. मी हाऊसबोटवाल्या चाचांना फोन लावला. त्यांनी दाराबाहेर येऊन आभाळाकडे पाहिलं असावं, कारण थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग म्हणाले, जबरवानवरून ढग उठतोय, अकरापर्यंत धूप येईल.

मी कुटुंबाला दोन्ही बाजू सांगितल्या. आजींनी निकाल दिला: "मी बसले आहे. तुम्हाला दरी बघायची तर जा." त्यावर कोण जाणार?

मग नवा घोळ. थोरला मुलगा धाकट्या पुतण्याला घेऊन गाडीवाल्याशी बोलायला खाली गेला आणि गर्दीत दिसेनासा झाला. त्याचा फोन प्रीपेड. बाहेरच्या राज्यांची प्रीपेड सिम काश्मीरात चालत नाहीत, फक्त पोस्टपेड चालतात. मी सगळ्यांना हे लिहून पाठवलं होतं, तरी नऊ जणांत चालू फोन दोनच, आणि दोन्ही चौथ्या टप्प्यावर. इकडून धाकटा भाऊ त्याला शोधायला खाली, तिकडून तो दुसऱ्या वाटेने वर. चाळीस मिनिटं नाशकात बसून मी दोन फोनांमधला तिसरा फोन झाले होते. पोरगं सापडलं तेव्हा कहव्याच्या, म्हणजे काश्मिरी चहाच्या टपरीपाशी बदाम वेचत होतं.

ऊन अकराला दहा मिनिटं असताना पडलं. पुढचं मी नातीच्या व्हिडिओतून सांगते. सुरुवातीला काहीच होत नाही. आजींचा हात आणि काठीची मूठ, मागे लाल. मग एका फुलाची एक पाकळी सुटते, जरा बाहेर कलते. व्हिडिओ तिने पुढे ढकलत ढकलत काढलाय, मधले तुकडे कापून. साडेअकराला ती फुलं पेल्यासारखी उघडी आहेत आणि आत तळाशी काळा ठिपका, त्याभोवती पिवळी कड. आजी पुढे वाकून आत बघतायत. त्यांना मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन वर्ष झालंय. म्हणतात, "वास नाही गं याला." मग परत वाकतात.

निष्पत्ती

कुटुंब बागेतून पाऊण वाजता निघालं. पहलगामला पोचायला साडेपाच. बेताब व्हॅली दुसऱ्या दिवशी झाली, अरू राहून गेली. गोंडोला ठरल्या तारखेला झाला. मोठ्यांनी वर बर्फ पाहिलं, आजी खाली शेकोटीपाशी बसून होत्या.

१८ तारखेला धाकटा मुलगा आणि सूनबाई दोघंच परत बागेत गेले, मुद्दाम. लाल-पांढरा चौथा टप्पा पसरून संपत आला होता, पाचवा उतरणीला, सहावा-सातवा भरात, झालरी आणि दुहेरी पाकळ्यांचे, बघतच राहावं असे. सातव्यापर्यंतचा चढ त्यांनी मोजला. आजी तिथे पोचल्या नसत्या. म्हणजे थोरल्या भावाचं म्हणणंही सपशेल चूक नव्हतं. अठराला बाग होती, सुंदर होती, फक्त ती आजींची बाग नव्हती.

पैशांचा हिशेब: पहलगामची बुडीत रात्र साडेतेरा हजार, श्रीनगरची जादा रात्र साधारण तेवढीच, गाडीवाल्याला थांबण्याचे दीड हजार. त्यातली बुडीत रात्र मी माझ्या फीमधून वळती केली. थोरल्या भावाने नको म्हटलं, पण डिसेंबरात क्रम मीच लावला होता.

हायसिंथ राहिले. आजींना वासाची फुलं आवडतात, हे मला सहल झाल्यावर कळलं. बागेत हायसिंथ, नर्गिस, डॅफोडिल हेही असतात आणि त्यातले बरेचसे ट्यूलिपच्या आधी किंवा सुरुवातीलाच फुलून जातात. मी फक्त ट्यूलिपबद्दल विचारत राहिले.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, क्रम. ज्या गोष्टीसाठी लोक निघालेत आणि जिची वेळ आपल्या हातात नाही, ती सहलीच्या पहिल्या दोन दिवसांत ठेवायची, आणि शेवटचा एक अर्धा दिवस राखीव. पहिल्यांदा हुकली तर दुसरी संधी राहते. शेवटी ठेवली की संधी एकच. डिसेंबरात हे फुकट जमलं असतं. एप्रिलात त्याचे सत्तावीस हजार झाले.

गोंडोला आधी काढण्याबद्दल माझं मत अजून पक्कं होत नाही. नसती काढली तर क्रम मोकळा राहिला असता. पण मग कदाचित मिळालीच नसती, आणि चार नातवंडांसाठी बर्फ हेच काश्मीर होतं. आता मी गोंडोला सहलीच्या शेवटच्या दोन दिवसांत काढते, म्हणजे सुरुवात लवचिक राहते. गुलमर्गहून श्रीनगर विमानतळ काही फार लांब नाही.

विचारायची पद्धत मी बदलली. आता "बाग कशी आहे?" असं विचारत नाही. फाटकापासून वरपर्यंत चालत जाऊन, त्या दिवशीच्या वर्तमानपत्रासह, न थांबता घेतलेला व्हिडिओ मागते आणि ज्याने काढला त्याला पैसे देते. शिवाय तीन ठरलेले प्रश्न: कुठला टप्पा संपला, कुठला भरात आहे, कुठला अजून कळीत. आठवीतल्या मुलीने वहीच्या पानावर जे केलं, तेच.

वेळेबद्दल: पाऊस पडून गेल्यावर किंवा गारठ्याच्या सकाळी जायचं असेल तर दहाच्या आधी पोचून काही मिळत नाही, मिटलेली फुलं सोडून. काहींना तीच आवडतात. छायाचित्र काढणारे मुद्दाम थेंबांसाठी जातात. पण ज्याला आयुष्यात एकदाच बघायचंय त्याने उन्हात बघावं. म्हणून बागेच्या दिवशी मी आता पुढचा लांब प्रवास ठेवत नाही. पहलगामला निघणं दुसऱ्या दिवशी. त्यामुळे गाडीवाला खालून हॉर्न वाजवत नाही.

सण बघून घ्यायचे, आणि आपल्या कॅलेंडरवरचे नाही, तिथले. बैसाखी, ईद, शुक्रवार-रविवारची स्थानिक गर्दी. श्रीनगरकरही आपल्या बागा बघायला बाहेर पडतातच, बागा आधी त्यांच्या आहेत.

फोन: निदान तीन पोस्टपेड, आणि ते तीन वेगवेगळ्या माणसांकडे. बागेत शिरताना भेटायची एक जागा ठरवायची. आमच्या बाबतीत चौथ्या टप्प्यावरचं बाक ठरवलं असतं तर चाळीस मिनिटं वाचली असती.

पाहणीला माणसं पुढे पाठवणं, ते मात्र मी परत तसंच करीन. त्या दिवशी बैसाखीत दीड तास घातला म्हणून थोरले भाऊ अजून चिडवतात. पण तो नकाशा नसता तर आजी पहिल्या टप्प्यावरच्या उघड्या देठांपाशी बसल्या असत्या, कारण पहिलं बाक तिथेच आहे.

सहलीनंतर दोन आठवड्यांनी आजींचा फोन आला. नातवाने बाहेरच्या दुकानातून ट्यूलिपचा कंद विकत आणला होता, आणि तो नाशकात लागेल का, असं त्यांना विचारायचं होतं. मी सांगितलं, त्याला दोन-तीन महिने कडक थंडी लागते, आपल्या हवेत फूल यायचं नाही. फार तर फ्रिजमध्ये ठेवून बघा. त्या म्हणाल्या, फ्रिजमध्ये जागा नाही, कैरीचं लोणचं आहे.